पिकअपचा मागचा पाटा पुन्हा पुन्हा तुटतो? तुटल्याची जागा बघून दोष शोधा

नवा पाटा टाकला, दोन महिने गाडी बरी चालली आणि परत त्याच बाजूचा तोच पाटा गेला. कधी पाटे शाबूत असतात, पण सेंटर बोल्ट कापला गेलेला असतो. बोलेरो पिकअप असो, योद्धा असो, मागे पाट्यांची कमान, म्हणजे लीफ स्प्रिंग, असलेल्या गाडीवाल्यांची ही तक्रार सारखीच. त्यावर उत्तरंही ठरलेली: माल जास्त भरला, नाहीतर पाटा डुप्लिकेट निघाला. दोन्ही कारणं खरी असू शकतात. पण एकाच ठिकाणी तिसऱ्यांदा तुटत असेल तर आधी यू बोल्टकडे बघा. पाटा बदलला जातो, तो आवळणारे जुने यू बोल्ट मात्र तेच परत चढवले जातात, आणि दोष गाडीतच राहतो.

मागच्या एका बाजूच्या कमानीत काय काय असतं ते आधी डोळ्यासमोर आणा. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे वळवलेले असतात आणि डोळ्यांत बुश. पुढचा डोळा चॅसीच्या हँगरमध्ये पक्का, मागचा डोळा शॅकलमध्ये झुलता, कारण भार आल्यावर कमान सपाट होते, लांबते आणि त्या लांबण्याला जागा लागते. मेन पाट्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. सगळ्यांच्या मधोमध भोक, त्यातून सेंटर बोल्ट. हा जुडगा अॅक्सलच्या बैठकीवर बसतो आणि दोन यू बोल्ट, म्हणजे एका बाजूला चार नट, त्याला अॅक्सलशी आवळून धरतात. पाटे एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून बाजूला पत्र्याच्या क्लिपा असतात.

तुटलेला तुकडा फेकू नका

पाटा कुठे तुटला यावरून तो का तुटला हे बऱ्यापैकी कळतं. म्हणून जुना पाटा भंगारात टाकण्याआधी तो स्वच्छ पुसून उजेडात बघा.

बरोबर मधल्या भोकातून तुटला असेल तर यू बोल्ट ढिले होते, असंच समजा. भोकामुळे तिथली रुंदी कमी होते, म्हणून मधला भाग मुळातच कमजोर. यू बोल्ट पक्के आवळलेले असतील तर तेवढा भाग अॅक्सलशी एकजीव होतो, वाकतच नाही, आणि त्या कमजोर जागेवर ताण येत नाही. नट अर्धा आटा जरी सैल झाला तरी प्रत्येक खड्ड्यात मधला भागही वाकायला लागतो. भोकाच्या कडेला केसासारखी चीर पडते आणि ती वाढत जाते.

यू बोल्टच्या किंवा प्लेटच्या कडेला लागून, आवळलेला भाग संपतो तिथे तुटला असेल, तर तिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त असतो हे लक्षात घ्या. हे बहुधा जास्त भाराचं, एखाद्या मोठ्या आदळीचं किंवा पाट्याचं आयुष्य संपल्याचं लक्षण. प्लेटची कडा धारदार असेल आणि पाट्यात रुतल्याची खूण दिसत असेल तर मात्र भारापेक्षा दोष त्या कडेचा.

मेन पाटा मध्येच, खालच्या पाट्याचं टोक जिथे टेकतं तिथे तुटला असेल, तर त्या जागी बोट फिरवून बघा. घासून पडलेली आडवी खाच लागेल. खालच्या पाट्याच्या टोकाचा प्लॅस्टिकचा तुकडा गळून पडलेला असतो, किंवा बदली पाटा कापताना टोकाची कडा तशीच धारदार ठेवलेली असते. ती कडा दर खड्ड्याला वरच्या पाट्यावर पाजळत राहते.

डोळ्याजवळ तुटला असेल तर बुश आणि शॅकल बघा. बुश जाम झाला, शॅकल गंजून अडकला की पाट्याला लांबायला जागा मिळत नाही आणि डोळ्याच्या वळणात पीळ बसतो. क्लिपा नसतील किंवा उघडल्या असतील तरी हेच होतं. खड्ड्यातून उसळून चाक खाली लटकतं तेव्हा क्लिपा सगळ्या पाट्यांना एकत्र ओढतात. त्या नसल्या की उलट दिशेचा सगळा भार एकट्या मेन पाट्यावर.

आता तुटलेला काप बघा. कापाचा एक भाग गंजलेला, काळपट आणि गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा अर्धगोल रेघा, आणि उरलेला भाग चकचकीत, दाणेदार: अशी चीर बरेच दिवस वाढत होती आणि शेवटच्या आदळीने फक्त उरलेलं तोडलं. रेघा जिथून सुरू होतात ते टोक म्हणजे दोषाची जागा. तिथे खाच, गंजाचा खड्डा किंवा वेल्डिंगचा ठिपका सापडतो. पूर्ण काप एकसारखा ताजा दाणेदार असेल तर पाटा एका फटक्यात गेला, म्हणजे भार किंवा आदळ, नाहीतर पाट्याचं पाणी, म्हणजे तापवून थंड करून दिलेला कडकपणा, चुकलेलं. पाणी जास्त चढलेला पाटा काचेसारखा तुटतो, कमी पडलेला तुटण्याआधीच सपाट होतो.

सेंटर बोल्टचं काम काय

सेंटर बोल्ट मालाचा भार उचलत नाही. त्याचं काम दोनच: पाटे एका ओळीत ठेवायचे आणि त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसवून अॅक्सलची जागा ठरवायची. ब्रेक दाबल्यावर आणि गाडी ओढताना अॅक्सलला पुढेमागे जाऊ न देण्याचं काम यू बोल्टच्या आवळणीचं आहे. पाटे आणि बैठक इतके घट्ट दाबलेले असतात की घर्षणानेच ते जागचे हलत नाहीत. आवळणी कमी झाली की हे सगळं ओझं दहा-बारा मिलिमीटरच्या सेंटर बोल्टवर येतं आणि घाटात दोन-चार कडक ब्रेक लागले की तो कात्रीने कापावा तसा कापला जातो. म्हणून नुसता सेंटर बोल्ट बदलून गाडी पाठवणं ही दुरुस्ती नव्हे.

कापला गेल्यावर अॅक्सल एका बाजूने मागे किंवा पुढे सरकतो. गाडी खेकड्यासारखी तिरकी पळते, स्टेअरिंग सरळ ठेवूनही एका बाजूला ओढते, मागचे टायर झपाट्याने झिजतात आणि गिअर टाकून निघताना मागून 'खट्' असा एकच आवाज येतो. असा आवाज आला की गाडी तिथेच बाजूला घ्या.

न खोलता अर्ध्या तासात तपासणी

गाडी रिकामी, सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ओट. जॅक लावायचा नाही, चाकं जमिनीवरच हवीत.

यू बोल्टचा भाग तारेच्या ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करण्याआधी बॅटरी घेऊन नुसता बघा, कारण धुतल्यावर पुरावा जातो. आवळलेल्या जागी काहीही हालचाल होत असेल तर लोखंड लोखंडावर घासून बारीक तांबूस भुकटी तयार होते. प्लेटच्या सांध्यातून, नटाच्या खालून विटकरी रंगाची एक रेघ खाली उतरलेली दिसते. आजूबाजूला सगळा चिखल करडा आणि मधेच ही ताजी तांबूस रेघ. शेजारी एखादी चकचकीत घासलेली चंद्रकोर दिसली तर शंकाच नको, जोड हलतो आहे.

मग साफ करून चारही नटांवर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, लावा. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. तो हाताशी नसेल तर 8.8 ग्रेडच्या (मजबुतीच्या दर्जाच्या) बोल्टसाठी साधारण असं धरता येतं: 12 मिमी बोल्टला 80 न्यूटन मीटर, 14 मिमीला 130, 16 मिमीला 200. टॉर्क रेंच नसेल तर अर्ध्या मीटरची पाइप पान्यावर चढवा आणि तिच्या टोकाला वजन करायचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर 26 किलोचा ओढा म्हणजे 127 न्यूटन मीटर, 14 मिमी बोल्टला पुरेसा जवळचा. पाइप आणि काटा काटकोनात हवेत. नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका. लांब पाइप घेऊन दोघांनी लोंबकळलं तर बोल्ट ताणला जातो, आटे ओढले जातात आणि मग तो कधीच आवळलेला राहत नाही.

त्यानंतर अॅक्सलची जागा मोजा. पुढच्या हँगर बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खूण करा. अॅक्सलच्या मध्याखालीही तशीच खूण. दोन खुणांमधलं अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं यायला हवं. 5 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर अॅक्सल सरकलेला आहे. शेवटी चॅसीच्या खालच्या कडेपासून अॅक्सलपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहून ठेवा. दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एक बाजू बसलेली आहे. आपल्याकडे बरेचदा डावी बसते. रस्त्याचा उतार डावीकडे असतो, डांबराच्या कडेवरून साइडपट्टीवर उतरतं ते डावं चाक, आणि कडेचे खड्डेही त्याच्याच वाट्याला.

सळईने किंवा हातोडीच्या दांड्याने एकेक पाटा ठोकून ऐकायचीही पद्धत आहे. चांगला पाटा खणखणतो, चीर गेलेला बदबदतो. आवळलेल्या भागाजवळ मात्र हा आवाज फसवतो, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका.

सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट बदलणं

हे काम दोन माणसांचं आहे आणि दाबलेल्या पाट्यांचं आहे, म्हणून सावकाश. लागणारं सामान: नवे यू बोल्ट दोन, त्यांचे चार उंच नट आणि कडक वायसर, नवा सेंटर बोल्ट, दोन मजबूत सी-क्लॅम्प, दोन जॅक, चॅसीखाली लावायला दोन स्टँड, तारेचा ब्रश, भोकातून जाईल अशी एक टोकदार गोल सळई.

यू बोल्ट जुने परत वापरू नका. एकदा पूर्ण आवळलेला यू बोल्ट ताणला गेलेला असतो, त्याचे आटे बसलेले असतात. दुसऱ्यांदा तोच आकडा लावला तरी आवळणी पहिल्याइतकी येत नाही. घेताना जाडी, लांबी आणि वळणाचा आकार तिन्ही जुळवा. गोल हौसिंगला (अॅक्सलच्या बाहेरच्या कवचाला) गोल वळणाचा, चपट्या बैठकीला चौकोनी वळणाचा. चुकीच्या वळणाचा बोल्ट सुरुवातीला घट्ट वाटतो, पण चार दिवसांत कोपऱ्यांतून बसतो आणि ढिला पडतो. लोहाराकडून साधी सळई तापवून वाकवून आटे पाडलेला यू बोल्ट घेऊ नका. सेंटर बोल्टही तसाच: डोक्यावर 8.8 किंवा 10.9 लिहिलेला हवा आणि त्याचं डोकं बैठकीच्या भोकात खेळ न राहता बसायला हवं.

चॅसी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. अॅक्सलखाली दुसरा जॅक असा लावा की पाट्यांवरचा भार निघेल पण अॅक्सल लटकणार नाही. नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर बरं. चारही नट थोडेथोडे, आळीपाळीने सोडा. जुडगा मोकळा झाल्यावर सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा आणि मगच सेंटर बोल्ट सोडा. प्रत्येक पाट्याची कमान वेगळी असते, आखूड पाट्यांची जास्त. बोल्ट निघताच ते एकमेकांपासून उसळतात. क्लॅम्प न लावता बोल्ट काढल्याने बोटं गेलेली आहेत. चेहरा जुडग्याच्या समोर ठेवू नका.

पाटे सुटे झाल्यावर प्रत्येकाची मधली जागा दोन्ही बाजूंनी घासून लख्ख करा. इथे आळस केला की सगळी मेहनत वाया. जाड रंग, गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल, आधी कोणी घातलेला रबराचा किंवा टायरचा तुकडा, यातलं काहीही आवळलेल्या जागेत राहिलं तर भाराखाली ते चेपतं. चेपलं की तेवढी जागा सुटते आणि नट न फिरताही आवळणी जाते. नट जागच्या जागी आहे, रंगही उडालेला नाही, तरी बोल्ट ढिला: हे कोडं बहुतेक वेळा असं सुटतं.

मग बैठकीचं भोक बघा. सेंटर बोल्टचं डोकं आत घालून हलवा. भोक अंडाकृती झालं असेल, डोकं एक-दोन मिलिमीटर खेळत असेल, तर नवा बोल्टही कापला जाणार. अशी बैठक अॅक्सल हौसिंग समजणाऱ्या वर्कशॉपमधून भरून, परत गोल करून घ्या. रस्त्याकडेच्या वेल्डरकडून नको, कारण जास्त उष्णतेने हौसिंग वाकतं आणि मग आतलं बेअरिंग आणि ऑइल सील जातं. यू बोल्टखालची प्लेट पट्टी ठेवून बघा. ती वाकून वाटीसारखी झाली असेल तर बदला.

जोडताना सळई भोकांतून घालून पाटे ओळीत आणा, क्लॅम्पने दाबा, सेंटर बोल्ट घाला. बोल्टने पाटे ओढून जवळ आणायचे नाहीत, ते काम क्लॅम्पचं. बोल्टचं डोकं अॅक्सलच्या बाजूला. जुडगा बैठकीवर उतरवताना डोकं भोकात बसल्याची खात्री हाताने चाचपून करा. डोकं भोकाच्या कडेवर चढलेलं असतानाच यू बोल्ट आवळले तर तो जोड पहिल्याच फेरीत ढिला होतो.

यू बोल्ट हाताने बसवा आणि चारही नटांच्या बाहेर सारखेच आटे दिसतात का ते बघा. मग चाक लावून गाडी जमिनीवर उतरवा आणि शेवटची आवळणी गाडीच्या वजनाखाली करा. नट कोपऱ्याला कोपरा, तिरक्या क्रमाने. 130 पर्यंत जायचं असेल तर पहिला फेरा 40, दुसरा 80, तिसरा 130, आणि शेवटी चारही परत एकदा तपासून. एकाच बाजूचे दोन्ही नट आधी पूर्ण आवळले तर प्लेट तिरकी बसते. नटाखाली स्प्रिंग वायसर घालू नका, इतक्या आवळणीला तो सपाट होतो आणि उपयोग शून्य. आवळून झालं की नट, वायसर आणि प्लेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढे नट फिरला की रेघ मोडलेली दिसेल, पाना लावायचीही गरज नाही.

हँगर आणि शॅकलचे बोल्ट काढले असतील आणि बुश रबराचे असतील, तर तेही गाडी जमिनीवर असतानाच आवळा. चाक लटकत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत अडकतं, गाडी खाली येताच पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं.

एक पाटा वाढवून घ्यावा का?

पाटा तुटायला लागला की पहिला सल्ला हाच मिळतो. बाजारात तो स्वस्त आहे, मोडीतल्या ट्रकचा कापून मिळतो. पण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिमीच्या पाट्यांत 10 मिमीचा एक पाटा घातला तर तो एकटा जवळजवळ दोन पाट्यांइतका भार अंगावर घेतो. तेवढंच वाकताना त्याच्यावरचा ताणही इतरांच्या सव्वापट असतो. त्यामुळे तोच आधी जातो, आणि जाताना शेजारच्याला घेऊन जातो. शिवाय जुडग्याची उंची 10 मिमीने वाढल्याने जुन्या यू बोल्टचे आटे पुरत नाहीत. नट शेवटच्या तीन आट्यांवर आवळलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पाटे जाड केले तरी अॅक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक होते तेवढेच राहतात. ब्रेकची गोष्ट तर कोणी सांगतच नाही. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलपासून चॅसीपर्यंत एक बारीक दांडी असते, ती लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची. गाडी किती खाली बसली यावरून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटा वाढवून गाडी मागून उचलली गेली की व्हॉल्व्हला भरलेली गाडीही रिकामी वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो आणि घाट उतरताना सगळा बोजा पुढच्या ब्रेकवर येतो. उलट पाटे बसलेले असतील तर रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते आणि पावसात ब्रेक मारताच मागची चाकं जाम होतात. पाट्यांत काहीही बदल केला की ही दांडी मॅन्युअलप्रमाणे परत लावून घेणं टाळू नका.

बसलेल्या पाट्यांना कमान मारून घेणं हा दुसरा उपाय. थंड पाट्यावर घण मारून दिलेली कमान काही महिन्यांत परत उतरते. भट्टीत लाल करून वाकवला आणि नंतर नीट पाणी देऊन, परत हलकं तापवून कडकपणा जुळवला नाही, तर तो पाटा पाटा राहत नाही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंचे बसलेले पाटे जोडीने बदलणं शेवटी स्वस्त पडतं. तुटलेला पाटा वेल्ड करणं तर विचारातही आणू नका. वेल्डिंगशेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पाटा तिथूनच तुटतो. हौद्याचं काम करतानाही वेल्डिंगच्या अर्थिंगची वायर पाट्याला लावू नका, ठिणग्या पाट्यावर पडू देऊ नका. एका ठिपक्यापासून चीर सुरू होते.

तेल आणि ग्रीस

पाट्यांवर जळकं ऑइल मारायची सवय आपल्याकडे जुनी आहे. आवाज बंद होतो हे खरं. पण त्या ऑइलवर धूळ बसते, धूळ आणि ऑइल मिळून पॉलिश पेपरसारखा लगदा होतो आणि तो पाटे घासतो. रबरी बुशवर पोचलं तर रबर फुगतं. टोकांना प्लॅस्टिकचे तुकडे असलेल्या पाट्यांना काहीही लावायचं नाही. साध्या पाट्यांना, खोललेच असतील तेव्हा, फक्त टोकांच्या घासणाऱ्या जागी ग्रॅफाइट ग्रीस पातळ लावा. मधल्या आवळलेल्या भागाला ग्रीस लागता कामा नये, तिथे आपल्याला घर्षण हवंच आहे. ग्रीस निपल असलेल्या शॅकल पिनांना मात्र वेळच्या वेळी, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरा.

मागचे शॉक अॅब्सॉर्बर तेल गळत असतील तर तेही बदला. एका खड्ड्यानंतर पाटा एकदा झुलून थांबायच्या ऐवजी चार-पाच वेळा झुलतो, म्हणजे तेवढेच खड्डे जास्त झाले. चॅसीखालचा रबरी बफर गायब असेल तर पाटा उलटा वाकेपर्यंत दबतो. लहानसा सुटा भाग आहे, पण तो नसल्याने तुटलेले पाटे खूप.

भार मोजून भरा

1.3 टन क्षमतेच्या पिकअपमध्ये 50 किलोच्या कांद्याच्या 26 गोण्या होतात. 1.7 टनाच्या गाडीत 34. हौद्यात जागा चाळीसची असते म्हणून चाळीस भरल्या जातात. भार दीडपट झाला की पाट्याचं आयुष्य तेवढ्याच प्रमाणात कमी होत नाही, कित्येक पटींनी घटतं, कारण चीर वाढण्याचा वेग ताणाबरोबर फार झपाट्याने चढतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, जादा माल उतरवून घ्यावा लागतो तो वेगळा. पाट्यांच्या जोडीची किंमत यापुढे काहीच नाही.

माल भरताना वजनदार गोण्या मागच्या अॅक्सलच्या थोड्या पुढे ठेवा, फाळक्याला चिकटवून नको. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला रिकामे कॅरेट अशी गाडी रोज जात असेल तर त्याच बाजूचा पाटा दर वेळी का जातो हे वेगळं शोधायला नको.

रस्त्यात पाटा गेला तर

खालचा आखूड पाटा तुटला असेल तर तुकडा खाली लोंबत नाही ना ते बघा, माल कमी करा आणि 20-30 च्या वेगाने जवळच्या गॅरेजपर्यंत जा. मेन पाटा मागच्या, शॅकलच्या बाजूने तुटला तर पुढचा अर्धा भाग अॅक्सलला अजून धरून असतो. माल पूर्ण उतरवून, चॅसी आणि अॅक्सलच्या मध्ये लाकडी ठोकळा घट्ट बांधून थोडं अंतर रांगत जाता येतं. पण मेन पाटा पुढच्या, हँगरच्या बाजूने तुटला असेल आणि दुसऱ्या पाट्याने डोळ्याला वेढा घातलेला नसेल, तर त्या बाजूचा अॅक्सल कशालाच बांधलेला नाही. ब्रेक दाबताच तो सरकतो आणि जॉइंट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलला फिरवणारा दांडा, बाहेर येऊ शकतो. अशी गाडी एक मीटरही चालवायची नाही, उचलून न्यायची. सेंटर बोल्ट कापून अॅक्सल सरकला असेल तरी हेच.

परत आवळणी

नवे पाटे आणि यू बोल्ट पहिल्या फेऱ्यांत बसतात, ही त्यांची नैसर्गिक गोष्ट आहे. म्हणून माल भरून 50 ते 100 किलोमीटर झाले की गाडी रिकामी करून परत टॉर्क लावा. मग 500 किलोमीटरला. त्यानंतर इंजिन ऑइल बदलताना दर वेळी. पहिल्या आवळणीला नट थोडा फिरला तर काळजी नाही, रंगाची रेघ नव्याने ओढा. 500 ला जेमतेम हलायला हवा. त्यानंतरही दर वेळी पाव आटा फिरत असेल तर नट आणखी जोराने आवळत बसू नका. जोड परत खोला आणि बैठकीचं भोक, वाकलेली प्लेट, यू बोल्टचं वळण आणि मधली पृष्ठं याच क्रमाने बघा.